दुकान आवरण्याचे दहा आठवडे

मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराच्या उत्तर भागात असलेल्या एका सवलतीच्या दुकानात मी साडेचौदा वर्षे नोकरी केली आणि १९९९ च्या जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंतच्या दहा आठवड्यांत तेच दुकान इतर साठ-पासष्ट जणांबरोबर स्वतःच्या हातांनी रिकामे केले. सवलतीचे दुकान म्हणजे डिस्काउंट स्टोअर. कपडे, भांडी, खेळणी, पडदे, मोटारीचे तेल, शिवणाचे साहित्य असे सारे तिथे एका छपराखाली मिळे आणि मोठ्या दुकानांपेक्षा दोन पैसे स्वस्त मिळे. आज महाराष्ट्रात डी-मार्ट म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येते, त्यातून वाणसामान वजा करावे आणि कापडाचे तागे मिळवावेत, म्हणजे आमच्या दुकानाची साधारण कल्पना येईल. दुकान ‘बंद पडले’ असे आपण सहज म्हणतो. त्या क्रियापदात ते आपोआप घडल्याचा भास आहे. प्रत्यक्षात ते काम ठरवून, तारखांचे कोष्टक आखून केले जाते आणि त्याचे वाकबगार लोक असतात, हे मला त्या दहा आठवड्यांत कळले.

आम्ही १९७८ मध्ये सांगलीहून फ्लिंटला आलो. यजमान जनरल मोटर्सच्या स्पार्क प्लगच्या कारखान्यात अभियंता होते. आमचे पहिले भाड्याचे घर या दुकानापासून पायी पंधरा मिनिटांवर होते आणि मला गाडी चालवता येत नसल्यामुळे अमेरिकेतील माझी पहिली दोन वर्षे बहुतांशी घर, ग्रंथालय आणि हे दुकान यांच्यामध्येच गेली. थंडीचा पहिला कोट मी तिथेच लेअवेवर घेतला. लेअवे ही पद्धत आपल्याकडच्या वाचकाला अपरिचित वाटेल, पण सोनाराकडे एखादा दागिना बाजूला ठेवायला सांगून जमेल तसे पैसे फेडत जावे, तसाच हा प्रकार. दहा टक्के रक्कम भरली की वस्तू आपल्या नावाची चिठ्ठी लावून मागच्या खोलीत ठेवली जाई, दर पंधरवड्याला हप्ता भरायचा आणि शेवटच्या हप्त्याला वस्तू घरी न्यायची. व्याज नाही, बँकेत खाते असण्याची गरज नाही. १९८४ च्या उन्हाळ्यात धाकटा मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर मी त्याच दुकानाच्या कापड विभागात अर्धवेळ लागले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी मला एक तागा उलगडून सव्वातीन वार कापड मोजायला सांगितले. सांगलीच्या कापडपेठेत लहानपणापासून वावरलेल्या मुलीला हे काही अवघड नव्हते. माझे इंग्रजी तेव्हा अडखळत होते, पण वाराचा हिशेब पक्का होता.

ज्या शहरात हे घडत होते, त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. जनरल मोटर्सचा जन्म १९०८ मध्ये फ्लिंटमध्येच झाला. आम्ही आलो त्या सुमारास कंपनीची फ्लिंट परिसरात सुमारे ८०,००० माणसे कामावर होती. शहराची लोकसंख्या १९६० मध्ये १,९६,९४० होती, ती २००० च्या जनगणनेत १,२४,९४३ वर आली. गेलेल्यांपैकी अनेक जण फार लांब गेले नव्हते, शहराची हद्द ओलांडून शेजारच्या टाउनशिपांमध्ये गेले होते. सवलतीच्या दुकानांचा उगमही याच राज्याशी जोडलेला आहे. डेट्रॉईटच्या क्रेस्गी कंपनीने १९६२ च्या मार्चमध्ये गार्डन सिटी येथे पहिले के-मार्ट उघडले. त्याच वर्षी टार्गेट, वॉलमार्ट, वूल्को आणि ग्रँड रॅपिड्समधले मायरचे अवाढव्य दुकानही सुरू झाले. गाडीने यायचे, दुकानापेक्षा मोठ्या वाहनतळावर गाडी लावायची, हाती ढकलगाडी घेऊन स्वतःच माल निवडायचा, ही सवय लोकांना त्या वर्षापासून जडली. फ्लिंटच्या मध्यवस्तीतील स्मिथ-ब्रिजमन हे जुने भारदस्त दुकान १९८० मध्ये बंद झाले. आमच्यातले म्हातारे कर्मचारी त्याच्या आठवणी काढत हळहळत, पण त्यांच्यापैकी एकानेही तिथे अखेरच्या दहा वर्षांत खरेदी केली नव्हती. मी हे हसून सांगत असे. पुढे तेच वाक्य माझ्यावर उलटले, कारण १९८९ मध्ये आम्हीही शाळा चांगली म्हणून शहराबाहेरच्या फ्लशिंग गावी घर घेतले आणि तेव्हापासून मी उत्तर फ्लिंटला फक्त नोकरीपुरती येत असे. कामावरून सुटल्यावर माझी स्वतःची खरेदी बहुतेक वेळा आय-७५ या महामार्गापलीकडच्या जेनेसी व्हॅली मॉलमध्ये होई. दुकान कोणामुळे बसले याची यादी करायची झाली तर त्यात माझे नाव घालावे लागेल.

ते बंद करण्याचा निर्णय कागदावर १९९९ मध्ये झाला असेल, पण खरे तर तो चार-पाच वर्षे आधीच झाला असावा असे मला वाटते. १९९५ च्या सुमारास छताला पडद्यांच्या विभागावर गळती लागली. दुरुस्तीचा अर्ज गेला, मंजुरी आली नाही. बर्फ वितळू लागला की आम्ही आमच्याच विक्रीच्या बादल्या खाली मांडत असू आणि संध्याकाळी त्या पुसून, किमतीचे लेबल फुगले असेल तर बदलून, परत फळीवर ठेवत असू. आठवड्यातून दोनदा येणारा मालाचा ट्रक एकदाच येऊ लागला. संपलेल्या मापाचे बूट पुन्हा येत नसत. मधल्या ओळींतील दर दुसरी ट्यूबलाइट काढून टाकण्याचा हुकूम आला. त्याच काळात आमचे दुकान ज्या साखळीचे होते तिने शहराबाहेर, हमरस्त्याच्या फाट्यावर नवे दुकान उघडले आणि तिथे स्वयंचलित दरवाजे बसवले. आमचा दरवाजा अखेरपर्यंत ढकलूनच उघडावा लागे. मग वरिष्ठ कार्यालयातून विचारणा होई की उत्तर फ्लिंटच्या दुकानाची विक्री का घटते आहे. ज्या रोपाला पाणी घातले नाही ते वाढले का नाही, असा हा प्रश्न होता, आणि आमचे व्यवस्थापक दर तिमाहीला त्याचे सविस्तर उत्तर लिहीत.

१९९८ च्या उन्हाळ्याने उरलीसुरली कसर भरून काढली. ५ जून रोजी जनरल मोटर्सच्या फ्लिंटमधील मेटल सेंटरमध्ये संप सुरू झाला, आठवड्याभराने डेल्फी या कंपनीच्याच सुटे भाग बनवणाऱ्या शाखेचा कारखानाही त्यात उतरला आणि सारे प्रकरण ५४ दिवस चालले. फ्लिंटमधील ९,२०० कामगारांच्या संपामुळे कंपनीचे उत्तर अमेरिकेतील जवळजवळ सगळे उत्पादन थांबले होते. तेव्हा मी लेअवेच्या खिडकीवर होते. एरवी जुलै-ऑगस्टमध्ये मुलांच्या शाळेचे कपडे आणि दप्तरे बाजूला ठेवण्यासाठी रांग लागे. त्या वर्षी रांग लागली ती ठेवलेल्या वस्तू रद्द करून भरलेले पैसे परत मागणाऱ्यांची. एका गृहस्थांनी लेकीची सायकल रद्द केली आणि चिठ्ठीवर सही करताना ‘हे तात्पुरते आहे’ असे मला दोनदा सांगितले. मी ती सायकल चार दिवस मागेच ठेवली, मग फळीवर न्यावी लागली. ब्युइक सिटी हा शहरातील सर्वांत मोठा कारखाना १९९९ मध्ये बंद करणार, असे कंपनीने १९९७ च्या नोव्हेंबरमध्येच जाहीर केले होते, त्यामुळे संप मिटल्यावरही कोणी हात सैल सोडला नाही.

जानेवारीच्या आरंभीच्या मोठ्या हिमवादळातून गाव नुकते वर येत होते, तेव्हा एका सोमवारी आम्हाला सकाळी सात वाजता बोलावण्यात आले. जिल्ह्याचे वरिष्ठ व्यवस्थापक आले होते आणि त्यांनी डोनट आणले होते. एरवी कधी न आणणारा माणूस डोनट घेऊन आला, म्हणजे काय ते बहुतेकांनी तिथेच ओळखले. त्यांनी कागदावरून वाचून दाखवले: दुकान बंद होणार, काम चांगले केल्याबद्दल आभार, शेवटपर्यंत राहणाऱ्यांना काही आठवड्यांचा पगार जादा मिळेल. मग प्रत्येकाला पाकीट दिले. मोठ्या मालकांनी दुकान किंवा कारखाना असा बंद करण्यापूर्वी साठ दिवस लेखी सूचना द्यावी, असा केंद्र सरकारचा कायदा १९८९ पासून लागू आहे. मात्र सूचना द्यावी लागेल की नाही हे ठरवण्यासाठी माणसे मोजताना आठवड्याला सरासरी वीस तासांपेक्षा कमी काम करणारे धरले जात नाहीत. गेली दोन वर्षे आमच्यातल्या अनेकांचे तास एकोणीसवर आणून ठेवले होते. त्याचे कारण हेच होते असे मी म्हणू शकत नाही, पण त्या दिवशी कपड्यांच्या विभागातील माझी सहकारी पाकीट हातात घेऊन म्हणाली, “एकोणीस. आत्ता कळलं.” तिला बाहेरच्या नव्या दुकानात बदली देऊ केली होती. तिच्याकडे गाडी नव्हती आणि तिथली कामाची पाळी संपेपर्यंत परतीची बस निघून गेलेली असे. तिने नकार दिला आणि कागदोपत्री तो तिचा स्वेच्छेचा निर्णय ठरला.

पुढच्या आठवड्यात दोन माणसे बाहेरच्या राज्यातून आली. ती आमच्या साखळीची नव्हती. दुकाने मोडीत काढणे हाच त्यांच्या कंपनीचा धंदा होता आणि अशा कंपन्या उरलेल्या मालाच्या किमतीचा ठरावीक हिस्सा मालकाला हमी म्हणून देतात आणि वरच्या रकमेवर आपला नफा काढतात. दोघेही सभ्य होते, मोटेलमध्ये राहत, रविवारी घरी फोन करत. त्यांच्याकडे संगणकावर आठवड्यांचे कोष्टक तयार होते: कोणत्या विभागाला कोणत्या तारखेला किती टक्के. आधी एका रात्री मोजणी करणारी टोळी येऊन कमरेला बांधलेल्या यंत्रांवर सारा माल मोजून गेली. नंतर आम्हाला सांगण्यात आले की चालू असलेल्या सर्व सवलती काढून टाकायच्या. मिशिगनमध्ये तेव्हा प्रत्येक नगावर किंमत चिकटवणे कायद्याने सक्तीचे होते, त्यामुळे हे काम आमच्या बोटांनीच करावे लागले. दोन दिवस आम्ही लाल लेबले नखाने खरवडून खालची मूळ किंमत मोकळी करत होतो. जो टॉवेल शनिवारी सवलतीत पाच डॉलरला होता, तो बुधवारी सात डॉलरचा झाला, आणि गुरुवारी छतापासून ‘सर्व काही विकणे आहे’ असे पिवळे फलक लोंबू लागले तेव्हा त्यावर दहा टक्के सूट लागून तो सहा डॉलर तीस सेंटला पडू लागला. यात बेकायदेशीर काही नव्हते, असे त्यांनी सांगितले. मला मात्र गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर देता येईना, कारण अनेकांना टॉवेलचा शनिवारचा भाव तोंडपाठ होता.

या विक्रीविषयी एक गोष्ट मी पुढे अनेकांना सांगितली आणि सांगलीच्या माझ्या भावाला ती एका दमात पटली, कारण तो दुकानदार आहे. दुकान बंद होताना सर्वांत मोठी सवलत सर्वांत गरजू माणसाला मिळते असा समज असतो. घडते ते उलटे. पहिल्या पंधरवड्यात, जेव्हा सूट दहा-वीस टक्के असते, तेव्हा गरजेच्या वस्तू संपतात: पायमोजे, लहान मुलांचे डायपर, साबण, चादरी, मोटारीच्या बॅटऱ्या. त्या उचलल्या त्या हातात रोकड आणि दारात गाडी असलेल्यांनी, म्हणजे ग्रँड ब्लँक, फ्लशिंग, डेव्हिसन अशा बाहेरच्या गावांतून आलेल्या माणसांनी. त्यातल्या काहींनी उत्तर फ्लिंटमध्ये कित्येक वर्षांत पाऊल टाकले नव्हते. एका बाईंनी मला वाहनतळ सुरक्षित आहे ना, असे विचारले. आमच्या रोजच्या गिऱ्हाइकांचे पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येत. विक्री सुरू झाली तेव्हा महिना मध्यावर होता. मार्चच्या सुरुवातीला ते आले, तेव्हा सूट पन्नास टक्क्यांवर गेली होती आणि फळ्यांवर ख्रिसमसच्या माळा, एका मापाचे बूट, पावसाळी छत्र्यांचे दांडे आणि अगोदरच मागवून ठेवलेल्या ईस्टरच्या टोपल्या उरल्या होत्या. चेक स्वीकारणे बंद झाले होते, घेतलेला माल परत होत नव्हता. सत्तरीतल्या एक आजी, ज्यांना मी पंधरा वर्षे गोधडीचे कापड कापून दिले, त्या एका रिकाम्या फळीपुढे थांबून मला म्हणाल्या, “तुमच्याकडे आता स्वस्त खूप आहे, पण घेण्यासारखं काही नाही.”

जसजसा माल कमी झाला, तसतसे दुकान पुढे सरकू लागले. मागच्या ओळी रिकाम्या करायच्या, उरलेले पुढे आणून दाटीने मांडायचे आणि मागे पिवळ्या प्लॅस्टिकचा पडदा ओढायचा. गिऱ्हाइकाला मोकळी फळी दिसता कामा नये, असे त्या दोघांपैकी थोरल्याने मला समजावले, मोकळी फळी पाहिली की माणूस थांबत नाही. दर सोमवारी पडदा चार ओळी पुढे येई. पडद्यामागे अंधारात सेलोटेपचे तुकडे, हँगर आणि जमिनीवरच्या मांडण्यांचे चौकोनी ठसे राहत. आठव्या आठवड्यापासून मांडण्यांनाही चिठ्ठ्या लागल्या. ढकलगाड्या, पुतळे, तिजोरी, पॉपकॉर्नचे यंत्र, व्यवस्थापकांच्या खोलीतले घड्याळ, सगळ्याला भाव होता. माझे कापड कापण्याचे टेबल एका शिंप्याने पंचाहत्तर डॉलरला नेले. त्याच्या कडेला एक वार लांबीची पितळी पट्टी ठोकलेली होती आणि पहिल्या पाव वाराच्या खुणेपाशी ती इतकी झिजली होती की आकडा बोटानेच कळे, दिसत नसे. टेबल उचलताना तो शिंपी म्हणाला की ही पट्टी बदलावी लागेल. मी त्याला सांगितले की माप अजून बरोबर आहे, आणि त्याच्यासमोर मापाची कापडी फीत ठेवून दाखवले. माझा आग्रह जरा जास्तच झाला असावा, तो हसला.

लेअवेची खोली आवरणे माझ्याकडे होते. ज्यांच्या वस्तू ठेवलेल्या होत्या त्यांनी १५ मार्चपूर्वी उरलेली रक्कम एकरकमी भरावी, नाहीतर भरलेले पैसे परत घ्यावेत, अशी पत्रे गेली. दोनशेच्या वर चिठ्ठ्या होत्या. साधारण तिसरा हिस्सा लोकांनी पैसे भरून वस्तू नेल्या. काही पत्रे ‘या पत्त्यावर नाही’ असा शिक्का घेऊन परत आली. मी संध्याकाळी स्वतःच्या घरून फोन करत असे. अनेक फोन बंद झालेले होते. एक मुलगी चौतीस डॉलर शिल्लक असलेल्या पाळण्यासाठी सोळा तारखेला आली, एक दिवस उशिरा. व्यवस्थापकांनी खिडकीशी येऊन माझ्याकडे पाहिले, पंधरा तारखेचा शिक्का उचलून माझ्यापुढे ठेवला आणि ते काही न बोलता निघून गेले. त्या माणसाने चार वर्षे तिमाही उत्तरे लिहून दुकान धरून ठेवण्याचा प्रयत्न केला होता आणि शेवटी त्याला एवढेच करता आले.

अखेरचा दिवस मार्चचा शेवटचा शनिवार होता. नव्वद टक्के सूट होती आणि बारा वाजता विकण्यासारखे काही राहिले नव्हते, म्हणून चारऐवजी दीडलाच दरवाजा बंद केला. उरलेले हँगर आणि ईस्टरच्या टोपल्या दुकानामागच्या कचऱ्याच्या पेटीत गेल्या. टोपल्या एखाद्या चर्चला द्याव्यात असे मी सुचवले होते, पण त्याची परवानगी कोणाकडून घ्यायची हेच कोणाला ठाऊक नव्हते. ते दोघे बाहेरगावचे गृहस्थ त्याच संध्याकाळी पुढच्या दुकानाकडे निघाले. जादा पगाराचा चेक सांगितल्याप्रमाणे मिळाला, हे नमूद केले पाहिजे. पुढच्या आठवड्यात पाटीची अक्षरे उतरवली, पण तीस वर्षांच्या धुळीने काळवंडलेल्या भिंतीवर अक्षरांच्या जागा पांढऱ्या राहिल्या आणि नाव आधीपेक्षा ठळक वाचता येऊ लागले. भाडेकराराची मुदत शिल्लक होती, म्हणून साखळी कित्येक महिने रिकाम्या इमारतीचे भाडे भरत राहिली, असे आमच्या व्यवस्थापकांनी नंतर भेटल्यावर सांगितले. दुसरे असेच दुकान तिथे येऊ नये यासाठी कंपन्या असे करतात, हेही त्यांनीच सांगितले. बसचा थांबा मात्र हलवला गेला नाही. उघड्या वाहनतळाच्या कडेला, दुकान नसलेल्या जागी, लोक पूर्वीप्रमाणेच उतरत आणि मग उरलेला रस्ता चालत जात.

मी जूनच्या शेवटी बेकारी भत्त्याच्या कार्यालयात गेले. मला त्या पैशांची तशी निकड नव्हती, म्हणून तीन महिने टाळत होते. आमच्या कपड्यांच्या विभागातील सहकारीने फोनवर रागावून सांगितले की तो भत्ता मालकाने भरलेल्या करातून येतो, कोणाची भीक नाही, तेव्हा गेले. नेमके त्याच दिवसांत, २९ जून रोजी, ब्युइक सिटीतून शेवटची लसेबर गाडी बाहेर पडली होती आणि रांग दाराबाहेर फुटपाथपर्यंत आली होती. माझ्या पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी मागे वळून पाहिले आणि ‘लेअवे’ असे म्हणाले. माझे नाव त्यांना माहीत नव्हते, खिडकी लक्षात होती. सायकल रद्द करणारे तेच. मी मुलीबद्दल विचारले. ती आता तेरा वर्षांची झाली होती आणि तिला सायकल नको होती. खिडकीवरच्या कारकुनाने माझ्या अर्जात नोकरी सुटण्याचे कारण या रकान्यात मी लिहिलेल्या दोन ओळी न वाचताच खोडल्या, ‘काम उपलब्ध नाही’ असा शिक्का मारला आणि पुढच्याला हाक दिली.